छत्तीस वर्षं झाली, स्वतःचं नाव नीट सांगता येत नाही. आता पोरगीपण अडखळायलीय. काय करू?

वडाप_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचतोय इथं, लिहायचं आज ठरवलं. लिहिताना मला काही अडचण नाही बघा, लिहिताना मी वाघ, तोंड उघडायची वेळ आली की शेळी. मी तोतरा आहे. हा शब्द टाईप करायला दोनदा खोडावा लागला, आमच्या घरात हा शब्द कुणी वापरतच नाही.

वय ३६, सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. माझं ततपप असं नाही होत, माझा शब्द येतच नाही. प, ब, म आले की ओठ मिटतात ते मिटतातच, आतनं कुणीतरी कडी घातल्यागत, मग डोळे मिटतात, मान हिसडते, समोरच्या माणसाला कुठं बघावं ते कळत नाही आणि शेवटी मी काहीतरी दुसराच शब्द बोलून मोकळा होतो. माझं स्वतःचं नाव प वरनं आहे. नावाला दुसरा शब्द कुठून आणणार?

युजरनेमची गंमत सांगतो. बहीण बार्शीला दिलीय. एसटीत कंडक्टर समोर उभा राहिला की मला बार्शी म्हणता येत नाही. वैराग म्हणता येतं. तर मी वैरागचं तिकीट काढतो, वैरागला उतरतो, आणि तिथनं वडापच्या जीपमध्ये बसतो, कारण वडापवाला स्वतःच बार्शी बार्शी ओरडत असतो, आपल्याला नुसतं बसायचं असतं. गेली चौदा वर्षं हे करतोय. बहिणीला वाटतं मला वैरागला काहीतरी काम असतं.

हे हसण्यासारखं झालं. आता न हसण्यासारखं सांगतो. मागच्या वर्षी ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर पस्तीस गाठी सांगायच्या होत्या. पस्तीस येईना. तिकडनं हॅलो हॅलो चालू, कट करायला लागला, मी घाईनं चाळीस म्हणून टाकलं, ते आलं तोंडात. पाच गाठींचं जादा भाडं मी गुपचूप माझ्या खिशातनं भरलं, शेठना सांगितलं माझी मोजायला चूक झाली. मोजायला चूक करणारा माणूस चालतो, तोतरा चालत नाही असं डोक्यात. आता शेठ म्हणतात पार्टी लोकांचे फोन तू घे, पगार वाढवतो, माल तुला जेवढा कळतो तेवढा कुणाला कळत नाही. दोनदा नाही म्हणालो. त्यांना वाटतं मला जबाबदारी नको.

आणि एक कोडं आहे ते कुणाला माहीत असेल तर सांगा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' मी सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणतो, त्यात ब आहे, भ आहे, कुठंच अडत नाही. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मामा घामाघूम झाले होते, मी यमकात घडाघडा घेतला, बायकोच्या नावासकट, मांडवात टाळ्या. लोक म्हणाले गेलं की याचं! दुसऱ्या दिवशी हळद उतरायच्या आत परत आलं.

आता मूळ मुद्दा. पोरगी चार वर्षांची आहे. दिवाळीपासून तीन-चार शब्दांमागं एक अडकतो तिचा, म म म मला पाणी, असं. संक्रांतीला शेजारी तिळगूळ द्यायला गेलो, ती ति ति ति करत तिळगूळ घ्या म्हणाली आणि त्या काकू हसत हसत बोलल्या, बापावर गेली ग बाई. मी उंबऱ्यातच होतो. काकूंच्या मनात काही नव्हतं, चांगल्या आहेत त्या. पण मला रात्रभर झोप नाही.

त्या दिवसापासून मी घरात बोलायचं जवळजवळ बंद केलंय. माझं ऐकून ऐकून ती शिकायलीय असं वाटतं. तीन आठवडे झाले. ती गोष्ट सांगा म्हणते, मी मोबाईल लावून देतो. बायको विचारते काय झालंय, मी म्हणतो कामाचं टेन्शन. बायकोचं माहेर अक्कलकोट, पोरगी आज्जीशी कन्नडात बोलते, आमच्याशी मराठीत, तर आता सगळे म्हणायलेत दोन भाषांमुळं गोंधळली, कन्नड बंद करा. सासूबाई रडकुंडीला आल्यात.

तर विचारायचं एवढंच. हे ऐकून लागतं का? मी गप्प राहतोय ते बरोबर आहे का? आणि ३६व्या वर्षी माझं काही होऊ शकतं का, का हे आता असंच? जरा लांबलं, माफ करा, बोलायला लागत नाही म्हटल्यावर सुटलोच.

---

एकच_उपाय

भाऊ काळजी करू नका. वेखंड मधात उगाळून रोज सकाळी जिभेला लावा, पोरीच्यापण लावा. आणि रोज शंख फुंकायचा. माझ्या चुलत्याचं असंच होतं, सहा महिन्यात गेलं. जिभेखालचा दोरा चिकटलेला असेल तर कापून घ्या, छोटं ऑपरेशन असतं. तोंडात खडे ठेवून बोलायचा सराव करा, परदेशात एक मोठा वक्ता असाच झाला होता.

---

हर्रबोला

एकच_उपाय मालक, शंख मी दोन वर्षं फुंकलाय. शंख चांगला वाजायला लागला, बाकी काही नाही. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू मात्र गेले.

वडाप_पॅसेंजर भाऊ, तुमची पोस्ट वाचून मी गाडी बाजूला लावली. मीपण सोलापूरचाच, ४३ वय, मीपण अडकतो, आणि मीपण असले तिकिटाचे उद्योग केलेत. मला क जमत नाही, पंचवीस वर्षं मी हॉटेलात कॉफी प्यायली नव्हती, चहाच. चहा मला आवडत नाही.

आधी पैसे कुठं घालवू नका ते सांगतो. माझ्या सव्वीसाव्या वर्षी मी एका मोठ्या शहरात जाऊन 'पंधरा दिवसात तोतरेपणा गायब, गॅरंटी' असला कोर्स केला. अठरा हजार, राहायचं खायचं वेगळं. मांडीवर बोटानं ठोका देत एकेक अक्षर ओढून बोलायला शिकवलं. आणि खरं सांगतो, पंधराव्या दिवशी मी स्टेजवर वीस मिनिटं बोललो, एकदाही अडलो नाही. त्याचा व्हिडिओ काढून त्यांनी जाहिरातीत लावला. सोलापूर स्टेशनला उतरलो तेव्हा राजा होतो. महिन्याभरात सगळं परत, वर गॅरंटीवाल्यांनी सांगितलं तुम्ही सराव केला नाही, म्हणजे दोष परत आपलाच. तुमच्या उखाण्याचं आणि हे एकच आहे हो, ठोक्यावर कुणीपण सुरळीत बोलतं, पण आयुष्यभर उखाण्यात कोण बोलणार? ट्रान्सपोर्टवाल्याला यमकात सांगणार का गाठी किती ते.

त्यानंतर दहा वर्षं मी काहीच केलं नाही. मग फिरतीच्या नोकरीत एकजण भेटला, पुण्याचा, तो माझ्यापेक्षा जास्त अडकायचा आणि बिनधास्त बोलायचा. पहिल्यांदा मला त्याचा राग आला. खरंच. लाज कशी वाटत नाही याला असं वाटलं. त्याच्याकडनं कळलं की द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणून संघटना आहे, तीसा म्हणतात, २००८ पासून चालूय, अडखळणाऱ्यांनीच चालवलेली, स्वमदत गट असतात आणि फी बी काही नाही. ऑनलाइनपण भेटतात. पहिल्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवून बसलो. बारा लोक, सगळे अडकायलेत, आणि कुणीच कुणाचा शब्द पूर्ण करत नाही, नुसतं थांबतात. माझी पाळी आली, नाव सांगायला मला जवळजवळ अर्धा मिनिट लागलं आणि कुणी काही म्हणालं नाही. फोन ठेवल्यावर मी गच्चीत जाऊन रडलो, सांगायला काय लाजायचं आता.

तिथं शिकलो ते तुम्हाला सांगतो, डॉक्टर नाही मी, अनुभव आहे. अमेरिकेत चार्ल्स व्हॅन रायपर म्हणून एक प्राध्यापक होऊन गेले, ते स्वतः अडखळायचे. त्यांची पद्धत अशी की अडखळणं बंद करायला जाऊ नका, सोपं करून अडखळा. तीन पायऱ्या आहेत. पहिली, शब्द अडला तर धक्का देऊन कसाबसा बाहेर काढा, पण लगेच पुढं पळू नका, तिथंच थांबा, आणि तोच शब्द परत सैल ओठांनी म्हणा. ते जमलं की दुसरी, शब्द अडलेला असतानाच मधेच जोर काढून घ्यायचा आणि हळू सोडायचा, कुलपात किल्ली अडकली की आपण हिसडा देत नाही ना, जरा मागं घेऊन फिरवतो, तसं. तिसरी, पुढं अडणारा शब्द येतोय हे आपल्याला आधीच कळतं, कळतं की नाही? तर त्याच्या आधीच ओठ सैल सोडून त्यात शिरायचं. लोक उलटं करतात, तिसरीपासून सुरू करतात आणि वैतागतात. मला पहिल्या पायरीला चार महिने लागले.

आणि सगळ्यात विचित्र काम म्हणजे मुद्दाम अडखळायचं. नवी पेठेत दुकानात जाऊन जो शब्द नीट येतो तो मुद्दाम अडकवायचा. 'त त त तीन पेन द्या.' पहिल्यांदा पाय लटपटले, दुकानदारानं तीन पेन दिले, पैसे घेतले, पुढचं गिऱ्हाईक बघायला लागला. मी रस्त्यावर उभा राहून विचार करायलोय की एवढंच? ह्याच्यासाठी मी वीस वर्षं पळालो? असे माझ्याकडं आता पेनच पेन झालेत, कुणाला पाहिजे तर सांगा.

अजून अडकतो मी. काल पण अडकलो. कॉफी मात्र पितो.

---

स्पीच_ताई

नमस्कार. मी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे, काम पुण्यात, माहेर सोलापूरच्या दक्षिण कसब्यातलं, त्यामुळं गड्ड्याचं वाचून एकदम घरी गेल्यासारखं झालं.

दादा, पहिलं उत्तर आधी देते कारण ते आज रात्रीच कामाला येईल. ऐकून लागत नाही. अनुकरणानं तोतरेपण येत नाही हे अगदी नक्की. तुम्ही गप्प बसलात तर तिला फायदा काहीच नाही, तिचा बाबा मात्र तीन आठवडे झाले हरवलाय, आणि चार वर्षांच्या मुलीला त्याचं कारण आपणच असं वाटायला वेळ लागत नाही. आज रात्री मोबाईल बाजूला ठेवा आणि गोष्ट सांगा. अडकत सांगा. अडकलं तरी चालतं हे तिला तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?

घराण्यात मात्र असतं, ते खरं. २०१० मध्ये पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासावरून यातली काही जनुकं सापडली, पुढं अजून सापडली. जनुक म्हणजे कपाळावरचा शिक्का नव्हे, शक्यता वाढते एवढंच. यात तुमची चूक शोधू नका, तुमच्या आईवडिलांचीपण शोधू नका.

आता मुलीचं. दोन ते पाच या वयात साधारण शंभरातली पाच मुलं असं अडखळतात, वाक्यं एकदम लांब व्हायला लागतात तेव्हा. त्यातल्या चारातल्या तिघांचं आपोआप जातं, मुलींचं मुलांपेक्षा जास्त वेळा जातं. मोठ्यांमध्ये शंभरात एक उरतो, आणि त्यात बायकांपेक्षा पुरुष चौपट. म्हणून बरेच जण सांगतात थांबा, जाईल. इतर घरी मीपण सहा महिने थोडं बघू म्हणाले असते. पण तुमच्याकडं वडिलांना आहे, सुरुवात साडेतीनच्या पुढं झालीय आणि अडकण्याचं प्रमाण कमी नाही, म्हणून थांबू नका, दाखवून घ्या. नुसतं म म म असं सैल असेल तर घाबरायचं काही नाही. शब्द अडताना चेहरा ताणते का, आवाज चढतो का, अडला की 'जाऊ दे' म्हणून सोडून देते का, हे बघून ठेवा आणि मोबाईलवर दोन-तीन मिनिटं खेळतानाचं बोलणं रेकॉर्ड करा, तिला न कळता. दवाखान्यात मुलं हमखास छान बोलतात आणि आईबाप खोटे पडतात.

कुठं दाखवायचं तर सोलापुरात सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांच्या तपासणीचं सरकारी पथक येतं, त्यांनापण सांगता येतं. खासगीत गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका, खरा माणूस लगेच सांगतो. मुंबईत बांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अलीयावर जंग संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे, दोन्ही केंद्र सरकारच्या. अगदी लहान मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकोम्ब नावाची पद्धत आहे, त्यात उपचार आईबाबाच घरी करतात, पण तज्ज्ञांनी शिकवल्यावर. व्हिडिओ बघून करू नका, त्यात कौतुक किती आणि कधी करायचं याचं मोजमाप असतं, ते चुकलं की मूल जास्त सावध होतं.

तोवर घरी 'सावकाश बोल', 'परत म्हण', 'श्वास घे' हे तिन्ही बंद. तिचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका. तुम्हीच जरा संथ बोला, मधे थांबा, प्रश्न कमी विचारा. दिवसातून दहा मिनिटं अशी की ती बोलेल आणि बाकी कुणी मधे घुसणार नाही, टीव्ही बंद. आणि कन्नड अजिबात बंद करू नका! दोन भाषांमुळं तोतरेपण येतं याला आधार नाही. सोलापुरात तर गल्लीत तीन भाषा बोलतात, तसं असतं तर शहराचा अख्खा पूर्व भाग अडखळला असता. आज्जीला सांगा, डॉक्टरीणबाईंनी कन्नड चालू ठेवायला सांगितलंय.

तुमचं कोडं. सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना, गाताना, ठोक्यावर बोलताना जवळजवळ कुणीच अडखळत नाही, जगात सगळीकडं. पुढचा आवाज नेमका कधी सोडायचा ही वेळ मेंदू आतून ठरवतो, त्यात गडबड होते, आणि समूहात किंवा तालात ती वेळ बाहेरून मिळते असं मानलं जातं. म्हणजे तुमची जीभ, ओठ, घसा सगळं ठणठणीत आहे. हर्र म्हणताना भ येतोच ना. म्हणून जिभेचा दोरा कापून काही होणार नाही, आणि खडे तर नकोतच, मुलीच्या तोंडात तर नाहीच नाही, घशात गेला तर काय कराल. वेखंडपण लहान मुलांना आपल्या मनानं देऊ नका.

आणि ३६ म्हणजे काही वय नव्हे. साठीच्या आजोबांबरोबर काम केलंय मी. पूर्ण जाईल असं मोठ्या माणसाला मी कधीच सांगत नाही आणि जो सांगतो त्याच्याकडं जाऊ नका. पण तुमच्या पोस्टमध्ये एक बघा. अडखळण्यानं तुमचे किती पैसे गेले? वैरागचं तिकीट, पाच गाठी, पगारवाढ, बायकोशी न बोललेली इतकी वर्षं, हे सगळं लपवण्यात गेलंय. जोसेफ शीहान म्हणून एक होते, तेही स्वतः अडखळायचे, ते म्हणायचे हे समुद्रातल्या हिमनगासारखं आहे, वर दिसतो तो थोडा, खाली लाज आणि भीती. त्यामुळं कामाची सुरुवात खालून करा. हर्रबोला भाऊंनी पायऱ्या छान सांगितल्यात, फक्त त्या कुणाच्या देखरेखीखाली केल्या तर बरं.

---

बाळ्याची_सून

माझ्या ह्यांचं पण असंच आहे. मी एक सांगते दादा, राग मानू नका. बायकोला माहीत असतंय. लग्नाच्या आधीपासून माहीत असतंय. आम्ही बोलत नाही कारण तुम्ही बोलत नाही, तुमचा चेहरा बघून आम्ही विषयच काढत नाही. मी सात वर्षं ह्यांचे गॅसचे फोन, डॉक्टरचे फोन, सगळे न सांगता करत आले, मला वाटायचं मदत करायलेय. एकदा भांडणात हे म्हणाले तू माझी जीभ कापून घेतलीस. लई लागलं मला ते. पण खरं होतं जरा. आता हे फोन लावतात, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात घासते, कारण ऐकवत नाही. तुम्ही कामाचं टेन्शन सांगू नका तिला. ही पोस्टच दाखवा की.

---

जुनी_पाटी

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. उत्तर असं काही नाही माझ्याकडं. चार ओळी लिहितो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हजेरी घेताना त्याला 'हजर' म्हणता यायचं नाही. मला वाटायचं भिडस्त आहे, सवय लावली की सुटेल. म्हणून मी त्याला हजर म्हणेपर्यंत उभा ठेवायचो. वर्ग हसायचा, मी वर्गाला दटवायचो, आणि त्याला उभाच ठेवायचो. मला वाटायचं मी त्याच्यावर मेहनत घेतोय. दुसऱ्या सत्रात तो हजेरी संपल्यावर शाळेत यायला लागला, मी उशिराबद्दल छड्या दिल्या. सातवीनंतर शाळा सोडली. गणितात वर्गात पहिला होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा मी हजेरीला हात वर करायची पद्धत सुरू केली, सगळ्या वर्गालाच, म्हणजे एकट्याचं दिसत नाही. तोंडी परीक्षा एकेकट्याची घ्यायचो, घड्याळ न बघता. कविता दोघा-दोघांनी मिळून म्हणायला लावायचो, त्यात कुणीच अडखळायचं नाही, त्याचं कारण आज ताईंनी लिहिलं ते वाचून कळलं.

मुलीला शाळेत घालाल तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंना जाऊन भेटा. तुम्ही स्वतः. चिठ्ठी नको.

---

एकच_उपाय

मी चांगल्या मनानं सांगितलं होतं. चुलत्याचं गेलं ते गेलं.

---

हर्रबोला

मालक तुमच्या मनाबद्दल काही नाही हो. चुलत्यांचं वय काय होतं तेव्हा?

---

एकच_उपाय

पाच.

---

वडाप_पॅसेंजर

सगळ्यांचं वाचलं. तीन-तीनदा वाचलं. जुनी पाटी सर, तुमचं वाचून सकाळी कारखान्यात हिशोब जुळेना. मीपण हजेरी संपल्यावर जायचो.

परवा रात्री बायकोला फोन दिला, पोस्ट दाखवली. तिनं सगळी वाचली, वडापचं आलं तिथं हसली, मग गाठींचं आलं तिथं म्हणाली, त्या महिन्यात भिशी भरली नाही ती ह्याच्यामुळं होय? तेवढंच. पुढं काही बोलली नाही, चहा ठेवला रात्री साडेअकराला. मग म्हणाली नाव पोरीचं मी प वरनं ठेवू दिलं नाही, लक्षात आलं नाही तुमच्या? नाही आलं. चार वर्षं झाली, खरंच नाही आलं.

पोरीला गोष्ट सांगितली काल. कावळ्या-चिमणीची. मेणाचं घर म्हणताना अडकलो चांगलाच. ती बघत बसली तोंडाकडं. मग म्हणाली बाबा तुमचापण अडकतो? म्हटलं होय की. म्हणाली माझापण, आणि पुढं काय झालं सांगा. सासूबाईंना कन्नडचं सांगितलं, त्यांनी स्पीच ताईंना खाजा पाठवायचा म्हणून पत्ता मागितलाय.

सांगतो पुढं काय होतं ते.

---

वडाप_पॅसेंजर

दोन महिने झाले, सांगतो म्हणालो होतो.

पोरीला दाखवलं. रेकॉर्डिंगचं ऐकलं ते बरं झालं, तिथं ती पोपटासारखी बोलली. त्या मॅडमनी सांगितलंय की ताण फारसा नाही, पण दर पंधरा दिवसांनी यायचं, आणि घरी करायचं काय ते शिकवलंय. आठवडाभर एकदम छान असते, मग दोन दिवस सारखी अडकते, मग परत छान. असंच खालीवर होतंय म्हणाल्या, ती किती अडकली त्याचा रोजचा आकडा वहीत लिहायला लावलाय, एक ते दहा. डिस्पॅचवाल्याला वही लिहायला सांगणं म्हणजे माझ्यासाठी सणच.

माझं पण चालू केलंय त्यांच्याकडंच. ऑनलाइन मीटिंगला तीनदा बसलो, दोनदा बोललो. मुद्दाम अडखळायचं मला अजून जमेना हर्रबोला भाऊ, दुकानात जातो आणि नेमका त्या दिवशी नीट बोलतो, काय वैताग आहे.

शेठना सांगितलं. पस्तीस गाठींचं पण सांगितलं. ते म्हणाले मला माहीत होतं तू अडकतोस, पाच गाठींचं माहीत नव्हतं, आणि त्यावरच चिडले, अडखळण्यावर नाही, भाडं खिशातनं भरलं म्हणून. पार्ट्यांचे फोन घ्यायला लागलोय, सगळे नाही, चार पार्ट्यांचे. सुरुवातीलाच सांगतो की मी अडखळत बोलतो, जरा दम धरा, आणि लाईन कट झाली असं समजू नका. हे वाक्य मॅडमनी बसवून घेतलं. एकजण म्हणाला बोला की निवांत, मला कुठं गाडी पकडायचीय. एकजण मात्र दर वेळी माझा शब्द स्वतः पूर्ण करतो आणि दर वेळी चुकीचा करतो, बावीसला बाहत्तर म्हणतो, त्याला आता व्हॉट्सअपवर पाठवतो सरळ. एकदा फोन ठेवून दिला एकानं, दिवसभर जेवण गेलं नाही. सांगायला पाहिजे तेपण.

मागच्या रविवारी बार्शीला गेलो. एसटीत बसलो तेव्हा ठरवलं होतं, नाही ठरवलं होतं, माहीत नाही. कंडक्टर आला. मी म्हटलं ब, आणि बसलं. डोळे मिटले नाहीत ह्यावेळी, बघत राहिलो त्याच्याकडं. शेजारचा बाबा वळून बघायला लागला, मागच्या सीटवरनं कुणीतरी म्हणालं बाळे का? (वाटेतलं, सोलापूरच्या कडेचं बाळे.) कंडक्टर म्हणाला बार्शी? नुसती मान हलवली असती तर संपलं असतं. मी हात केला थांबा म्हणून, ओठ सैल सोडले, परत आलो आणि म्हटलं बार्शी, एक. किती वेळ लागला माहीत नाही, मला तरी बाळे मागं गेल्यासारखं वाटलं.

चौदा वर्षांनी एवढं सगळं केलं आणि कंडक्टर काय म्हणाला, तर सुट्टे द्या.

---

हर्रबोला

होते का सुट्टे?

---

वडाप_पॅसेंजर

नव्हते. तिकिटामागं लिहून दिले, उतरताना घ्या म्हणाला. बार्शीला उतरायच्या नादात विसरलो.